खानेसुमारी झाली, शिरगणती राहिली: आयोवातल्या एका गावातली २०२० ची जनगणना

आधीच सांगते, गावाचं नाव देत नाहीये, माणसांची पण नाही, आणि दोन-तीन बारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात कारण गाव इतकं छोटं आहे की कोण कुठलं ते लगेच कळेल. बाकी जे झालं ते झालं तसं लिहिलंय.

पार्श्वभूमी

माझा नवरा डॉक्टर. जे-१ व्हिसावर, म्हणजे शिकायला येणाऱ्यांच्या व्हिसावर, रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण) केली की एकतर दोन वर्षं भारतात परत जायचं नाहीतर जिथं डॉक्टर टिकत नाहीत अशा ठिकाणी तीन वर्षं काम करायचं, असा नियम आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या आडगावांत आपले बरेच डॉक्टर दिसतात. आम्ही २०१८ मध्ये आयोवा राज्याच्या पश्चिम भागातल्या या दहा-बारा हजार वस्तीच्या गावात आलो. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, पगारी काम करायची परवानगी नाही, म्हणून लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून जायला लागले, शनिवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायचं काम.

माझ्या डोक्यात आयोवा म्हणजे मक्याची शेतं आणि गोरे शेतकरी. पहिल्याच शनिवारी समोर बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं एकमेकांत स्पॅनिश बोलत होती. मेन स्ट्रीटवर पाववाल्याच्या दुकानावर 'पनादेरिया' लिहिलेलं, शेजारी मटणवाल्याची 'कार्निसेरिया', पलीकडे गावी पैसे पाठवायचं दुकान. गावाबाहेर मांसाचा मोठा कारखाना, सगळे त्याला नुसतं 'प्लांट' म्हणतात, दोन शिफ्टमध्ये चालतो आणि अख्खं गाव त्याच्या शिफ्टच्या वेळेवर जेवतं-झोपतं.

हे कसं झालं ते थोडक्यात. १९८० च्या आसपास मांसाचा धंदा मोठ्या शहरांतून उठला आणि जनावरं जिथं वाढतात त्या खेड्यांजवळ आला. युनियनचे पगार खाली आले, काम जास्त वेगाचं आणि जास्त धोक्याचं झालं, गावातली तरुण पोरं शिकून शहरात निघून गेली आणि मग माणसं बाहेरून आणावी लागली. आधी टेक्सास-कॅलिफोर्नियातली मेक्सिकन कुटुंबं, मग थेट मेक्सिकोतल्या हालिस्को-मिचोआकानकडची, नंतर ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातली, आणि सप्टेंबर २०१७ च्या मारिया वादळानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावरची. आयोवात २००० साली हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतलं मूळ असलेले, लोक होते सुमारे ८२ हजार, २०२० ला २ लाख १६ हजारांच्या आसपास. या वीस वर्षांत राज्याची लोकसंख्या जेवढी वाढली त्यातली साधारण निम्मी वाढ यांची.

देशाचे आकडेही बघा. सगळ्यांना 'तुम्ही हिस्पॅनिक आहात का' हा प्रश्न पहिल्यांदा विचारला १९८० ला, तेव्हा १ कोटी ४६ लाख, म्हणजे ६.४ टक्के. २००० ला ३ कोटी ५३ लाख, २०१० ला ५ कोटी ५ लाख, २०२० ला ६ कोटी २१ लाख, १८.७ टक्के. २०१० ते २०२० मध्ये अमेरिकेची जी वाढ झाली त्यातली निम्म्याहून थोडी जास्त यांच्यामुळे. आणि बहुतेकांना जे माहीत नसतं ते हे की २००० नंतर ही वाढ सीमा ओलांडून येणाऱ्यांपेक्षा इथंच जन्मलेल्या बाळांमुळे जास्त झाली. दर पाचातले चार जण अमेरिकेचे नागरिक आहेत. समाज तरुण आहे, अर्धे लोक साधारण तिशीच्या आतले, तर सगळ्या देशाचं तेच मधलं वय अडतीसच्या पुढं. त्यामुळे हिस्पॅनिक लोकसंख्या वाढतेय म्हटलं की डोळ्यासमोर कुंपण उभं राहतं, पण खरं तर बालवाडी उभी राहायला पाहिजे. माझ्यासमोर शनिवारी तीच बसलेली असायची.

अडचण काय होती

मराठीत जनगणनेला दोन जुने शब्द आहेत, खानेसुमारी आणि शिरगणती. खाना म्हणजे घर, म्हणजे एकात घरं मोजायची, दुसऱ्यात डोकी. मी हे दोन्ही एकच समजत होते. या गावात कळलं की दोन्हींच्या मध्ये केवढी माणसं हरवतात.

इथं आपल्यासारखे शिक्षक आधी दारात येत नाहीत. पत्ता असलेल्या प्रत्येक घराला पत्र येतं, त्यात एक कोड, तो टाकून ऑनलाइन फॉर्म भरायचा नाहीतर फोन करायचा नाहीतर कागदी फॉर्म पाठवायचा, आणि यातलं काहीच केलं नाही तर मग माणूस दारात येतो. २०२० ची जनगणना ही ऑनलाइन भरायला सांगणारी पहिलीच. आता आमच्या गावातल्या रेल्वे रुळाच्या पलीकडच्या भागात घर कसं असतं बघा. वरच्या मजल्यावर एक कुटुंब, तळघरात दुसरं, मागच्या खोलीत प्लांटमध्ये नवीन लागलेले दोन भाऊ, आणि या सगळ्यांना मिळून टपालाची पेटी एक. पत्र एक, कोड एक. वरच्या मजल्यावरच्यांनी प्रामाणिकपणे फॉर्म भरला तरी तळघर गेलं. बरं कागदी फॉर्मवर पूर्ण माहिती लिहायला सहाच माणसांची जागा, पुढच्या चार जणांना शेवटच्या पानावर बारीक कोंबायचं. काही जण टपाल पोस्ट ऑफिसातल्या बॉक्सवर घेतात आणि तिथं तर जनगणनेचं पत्र जातच नाही.

दुसरी गोष्ट भीती. २०१८ च्या मार्चमध्ये सरकारनं जाहीर केलं की फॉर्मवर 'तुम्ही नागरिक आहात का' हा प्रश्न असणार. २०१९ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं तो अडवला, जुलैत सरकारनं नाद सोडला. फॉर्मवर प्रश्न नव्हता, पण लोकांच्या डोक्यात तो होताच, पंधरा महिने टीव्हीवर तेच चाललेलं. वर आयोवात जुन्या आठवणी आहेत. २००८ च्या मे महिन्यात पोस्टव्हिल नावाच्या एवढ्याशा गावातल्या मांसाच्या प्लांटवर इमिग्रेशनचा छापा पडला, ३८९ जणांना धरलं, त्यातले बहुतेक ग्वाटेमालाचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत कोंबडीच्या प्लांटवर छापे पडले, सुमारे ६८० जण. आणि नेमकं २४ फेब्रुवारी २०२० पासून 'पब्लिक चार्ज'चा नवा कडक नियम लागू झाला, म्हणजे सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडकू शकतं असा, आणि ज्यांना तो लागूही नव्हता त्या आयासुद्धा मुलांच्या दुधाच्या मदतीतून नाव काढून घ्यायला लागल्या. अशा वेळी त्याच सरकारला घरातल्या सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा द्या म्हणून सांगायचं होतं.

तिसरी गोष्ट फॉर्मवरचे प्रश्न, त्याकडे पुढं येते.

आणि पणाला लागलं होतं बरंच. खासदारांच्या जागा याच आकड्यांवर, आणि शाळेतलं जेवण, गरीब शाळांचा निधी, रस्ते, दवाखाने अशा कामांसाठी वर्षाला साधारण दीड लाख कोटी डॉलर या आकड्यांच्या आधारानं वाटले जातात. राज्यघटना सांगते माणसं मोजा, नागरिक मोजा असं म्हणत नाही. त्यामुळे मी एच-४ वाली पण मोजली जाणार होते आणि तळघरातला तो भाऊ पण.

समोरचे पर्याय

जानेवारी २०२० मध्ये काउंटीनं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या कारभाऱ्यांनी, कमिटी केली, इथं तिला कम्प्लीट काउंट कमिटी म्हणतात. लायब्ररीच्या मुख्य बाई मला घेऊन गेल्या. टेबलाभोवती सात जण, त्यात घरी स्पॅनिश बोलणारी एकच, शाळेत वर्गशिक्षिकेची मदतनीस म्हणून काम करणारी. तिला आम्ही सगळे माएस्त्रा म्हणायचो, म्हणजे बाई, आपण शाळेतल्या बाईंना म्हणतो तसंच.

टेबलावर चार पर्याय आले. एक, जनगणना खात्याची तयार स्पॅनिश पोस्टरं गावभर लावायची. दोन, कॅथलिक चर्चच्या स्पॅनिश मिसाला फादरनी सांगायचं. तीन, प्लांटच्या कॅन्टीनमध्ये टेबल टाकायचं, लोक सगळे तिथंच आहेत म्हणून. चार, माएस्त्राचा पर्याय: शाळेतून जा, पोरांच्या दप्तरातून आणि आयांच्या फोनवरून, आणि दहा-बारा बायका गोळा करून त्यांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या म्हणजे त्या आपापल्या गल्लीत फिरतील.

एका गृहस्थांनी शंका काढली की २००२ पासून आयोवाची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, मग स्पॅनिशमध्ये काही वाटलं तर चालेल का. लायब्ररीच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पोस्टरं केंद्र सरकारच्या खात्याची आहेत, आपण फक्त चिकटवतोय. अर्धा तास त्यातच गेला. चौथ्या पर्यायावर चर्चा झाली दहा मिनिटं, पैसे कुठून आणायचे इथं अडली, आणि आम्ही पहिले तीन घेतले. मीही हात वर केला. तेव्हा मला तो शहाणपणाच वाटला, फुकटात होणारं आधी करू.

काय केलं

पोस्टरं लागली, चर्चमध्ये फादर बोलले, मेक्सिकन कुटुंबांपैकी जी पंधरा-वीस वर्षं इथं आहेत, स्वतःचं घर आहे, मुलं हायस्कूलमध्ये आहेत, ती आली, त्यांनी लायब्ररीत येऊन फॉर्म भरलेही. आम्हाला वाटलं जमतंय. खरं तर जे तसेही भरणार होते तेच भरत होते.

कॅन्टीनचं टेबल पूर्ण फसलं. चार तास बसलो, पेनं आणि पिशव्या घेऊन गेले लोक, फॉर्मबद्दल कोणी विचारलं नाही. नंतर एका बाईनं माएस्त्राला सांगितलं की काहींचं कामावरचं नाव वेगळं आणि घरचं वेगळं, आणि तुम्ही सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर बसून नाव विचारताय. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, म्हणजे आपण काय करून बसलो होतो असं. त्या टेबलामुळे जनगणना आणि प्लांट एकच आहे असा समज काही घरांत पक्का झाला.

मग ग्वाटेमालाची मंडळी. आम्ही सगळ्यांना 'स्पॅनिश बोलणारे' म्हणून एका टोपलीत टाकलं होतं. शनिवारी गोष्टींना येणाऱ्या एका मुलीची आई माझ्याशी कधी बोलायचीच नाही, मला वाटायचं माझं मोडकं स्पॅनिश तिला कळत नाही. माएस्त्रानं सांगितलं की अगं तिची भाषा माम आहे, माया लोकांची भाषा, स्पॅनिश तिला तुझ्याइतकंच येतं. आणि ही माणसं कॅथलिक मिसाला जात नाहीत, एका जुन्या टायरच्या दुकानात भरणाऱ्या पेंटेकोस्टल या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनेला जातात. म्हणजे मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या आजीला हिंदी पत्रक देऊन आपण काम झालं म्हणावं तसं आम्ही केलं होतं. त्या रात्री मी जनगणनेच्या वेबसाइटवर भाषा बघितल्या. ऑनलाइन आणि फोनवर इंग्रजी धरून तेरा भाषा, आणि फॉर्म कसा भरायचा हे सांगणारी पत्रकं ५९ भाषांत. त्यात मराठी होती. आमच्या गावात मराठी बोलणारं घर एक, आमचंच, आणि आम्हा दोघांनाही इंग्रजी येतं. माम नव्हती.

पोर्तो रिकोच्या लोकांचं आणखी वेगळं. ते १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक, त्यांना छाप्याची भीती नाही, पण त्यातले बरेच म्हणत आम्ही इथले नाहीच, वर्षभरात परत जाणार, आम्हाला कशाला मोजता. १ एप्रिलला जिथं राहता-झोपता तिथं मोजतात हे त्यांना सांगायचं होतं, भीतीबद्दल त्यांच्याशी बोलून काही उपयोग नव्हता. हिस्पॅनिक या एका शब्दाखाली तीन वेगळी कारणं होती न भरण्याची आणि आमचं पोस्टर एकच.

१२ मार्चपासून फॉर्म भरणं सुरू झालं, आणि आठवड्यात कोविडनं शाळा बंद, लायब्ररी बंद, खात्याचं दारोदारीचं काम थांबलं. एप्रिलमध्ये साथ प्लांटमध्ये शिरली. मांसाच्या कारखान्यात माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, थंड हवा, मशीनचा आवाज म्हणून ओरडून बोलणं. माझा नवरा रात्री अकराला घरी यायचा, गॅरेजमध्येच कपडे बदलायचा आणि काही बोलायचा नाही. तळघरात आणि वर दाटीनं राहणाऱ्या घरांत एकाला झालं की सगळ्यांना. हिस्पॅनिक लोकांचं अमेरिकेतलं सरासरी आयुष्य गोऱ्यांपेक्षा जास्त असतं, उत्पन्न कमी असूनही, यावर कित्येक वर्षं अभ्यास चाललेत, २०१९ ला ते जवळजवळ ८२ वर्षं होतं. २०२० या एका वर्षात ते ७८ च्या आसपास आलं.

इथं आमचा सगळ्यात अवघड निर्णय आला. झूमवर मीटिंग. किती घरांनी फॉर्म भरले ते दाखवणाऱ्या आयोवाच्या नकाशावर आमचा भाग लालेलाल, रोजचे आकडे दिसत होते, रुळापलीकडचा पट्टा काउंटीत सगळ्यात मागे. काहींचं म्हणणं, आता जोर लावला नाही तर दहा वर्षं भोगू. माएस्त्रा म्हणाली, माझ्या शेजारच्या घरातला बाप व्हेंटिलेटरवर आहे, मी त्या बाईला फोन करून तुमच्या घरात किती माणसं आहेत विचारू? आम्ही तीन आठवडे थांबलो. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मे महिन्यात सुरुवात वेगळीच झाली आणि ती आम्ही ठरवून केलेली नव्हती. शाळा बंद असली तरी जेवणाचे डबे रोज दुपारी शाळेच्या पार्किंगमध्ये मिळायचे, गाड्यांची रांग लागायची. माएस्त्रा तिथं डबे द्यायला असायची. तिनं डब्यासोबत चिठ्ठी द्यायला सुरुवात केली, स्वतःच्या अक्षरात: फोन नंबर, आणि 'कोड नसला तरी भरता येतं, पत्ता सांगा'. कारण कोडशिवाय फॉर्म भरायची सोय होती, तळघरातल्यांसाठी तोच रस्ता होता आणि आमच्या एकाही पोस्टरवर ते ठळक नव्हतं! त्या मामभाषक आईनं तिच्या भाषेत दीड मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून दिला, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, टायरच्या दुकानातल्या पास्टरनी तो पुढं पाठवला. रेकॉर्डिंगच्या शेवटी तिनं स्वतःच्या मनानं जोडलं होतं की बाळांना पण मोजा, माझं मी मोजलंय.

काय वचन द्यायचं यावरही वाद झाला. 'काही होणार नाही, घाबरू नका' असं सांगा, असा आग्रह होता. मला ते पटेना. कायदा सांगतो की जनगणनेतली कुणा एकाची माहिती पोलीस, इमिग्रेशन, घरमालक कोणालाही देता येत नाही, फोडली तर पाच वर्षं तुरुंग आणि अडीच लाख डॉलर दंड, आणि नावं ७२ वर्षं बंद. पण दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकताना जनगणनेचीच माहिती वापरली गेली होती हेही खरं. शेवटी ठरलं, कायदा काय आहे तेवढंच सांगायचं, आपल्या तोंडची हमी द्यायची नाही. गंमत म्हणजे लोकांना ते जास्त पटलं. एक आजोबा म्हणाले, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणजे बसा, भरू.

आता ते प्रश्न. जून-जुलैत लायब्ररीच्या पायऱ्यांवर मास्क लावून आम्ही फॉर्म भरून द्यायला बसायचो. आठवा प्रश्न, हिस्पॅनिक मूळ आहे का: मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्यूबन, दुसरं काही. इथवर ठीक. नववा, तुमचा वंश कोणता: गोरा, काळा, अमेरिकन इंडियन, मग आमच्यासारख्या आशियाईंची मोठी यादी, आणि शेवटी 'इतर वंश'. आधीच फॉर्म सांगतो की हिस्पॅनिक हा वंश नाही. मग माणूस पेन हातात धरून माझ्याकडं बघायचा. मेक्सिकन लिहिलं ना आत्ता, आता परत काय विचारतात? बहुतेक जण 'इतर'मध्ये परत मेक्सिकन लिहायचे. १९३० च्या जनगणनेत मेक्सिकन हा खरोखर वेगळा वंश होता, पुढच्या वेळी काढला. एकाच समाजाला सरकार दर काही वर्षांनी वेगळ्या खणात ठेवतं आणि मग आकडे बदलले की नवल करतं. २०१० ला निम्म्याहून जास्त हिस्पॅनिक लोकांनी नुसतं 'गोरा' म्हटलं होतं, २०२० ला २० टक्क्यांनी. माणसं काही दहा वर्षांत बदलली नाहीत, प्रश्नाची रचना आणि उत्तरं वाचायची पद्धत बदलली. माम आईसाठी मात्र फॉर्मवर एक जागा होती, अमेरिकन इंडियनच्या खणात उदाहरण म्हणून 'मायन' छापलेलं. ते मी तिला दाखवलं तेव्हा तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं आणि मुलीला वाचायला लावलं.

ऑगस्टमध्ये दारोदारीचं काम सुरू झालं आणि एक प्रश्न अंगावर आला. खात्याचा माणूस, भला माणूस, गावातलाच, म्हणाला की तुम्हाला एव्हाना माहीत झालंय कुठल्या घराच्या तळघरात वेगळं कुटुंब आहे, मला यादी द्या, मी फक्त दार वाजवीन. यादी आमच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. दिली तर आकडा वाढणार हे नक्की. पण ती तळघरं गावाच्या नियमांत बसत नाहीत, खिडकी लहान, बाहेर पडायला दुसरं दार नाही, आणि घरं रिकामी करायला लागतील ही भीती सगळ्यांनी आम्हाला विश्वासानं सांगितलेली. मत झालं, चार विरुद्ध तीन, यादी द्यायची नाही. त्याऐवजी आम्ही परत त्या घरांना फोन केले, तुम्हीच भरा म्हणून. काहींनी भरलं. काहींनी फोन उचलला नाही. १५ ऑक्टोबरला मोजणी संपली.

निकाल

रुळापलीकडचा पट्टा काउंटीत शेवटचा राहिला नाही, मे नंतर हळूहळू वर सरकला. तेवढं नकाशावर दिसलं.

देशाचा निकाल मार्च २०२२ मध्ये आला. खातं नंतर एक वेगळी पाहणी करून आपलीच मोजणी तपासतं. त्यात निघालं की २०२० ला हिस्पॅनिक लोक ४.९९ टक्के कमी मोजले गेले, २०१० ला हीच चूक १.५४ टक्के होती. गोरे आणि आशियाई उलट जास्त मोजले गेले. आणि पाच वर्षांखालची मुलं, सगळ्या समाजांची मिळून, २.७९ टक्के कमी. म्हणजे ६ कोटी २१ लाख हा आकडाही कमीच आहे. आमच्या गावात किती राहिले हे या पाहणीतून कळत नाही, ती गावागावाचं सांगत नाही, आणि माणूस ओळखू येऊ नये म्हणून २०२० च्या छोट्या भागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ केलेली आहे, त्यामुळे शाळेच्या पटाशी ताडून छाती ठोकून काही म्हणता येत नाही. लायब्ररीच्या बाईंनी आणि मी तरीही ताडून बघितलं. लहान मुलांचा आकडा आम्हाला तोकडाच वाटला.

एक चांगलं झालं, माम रेकॉर्डिंगवाला ग्रुप तुटला नाही. पुढच्या वर्षी लस आली तेव्हा त्याच आईचा आवाज परत फिरला, आणि माझ्या नवऱ्याच्या क्लिनिकमध्ये माम बोलणारी माणसं आपणहून यायला लागली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे चौथा पर्याय पहिला घ्यायला हवा होता. पैसे नव्हते हे खरं, पण आम्ही ते मागितलेही नाहीत. माएस्त्रानं पाच महिने स्वतःचा फोन, स्वतःचं पेट्रोल आणि स्वतःच्या संध्याकाळी घातल्या आणि कमिटीनं तिला प्रमाणपत्र दिलं. मी फुकट काम करत होते कारण व्हिसामुळे मला दुसरं करता येत नव्हतं. तिनं फुकट का करावं, याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

दुसरं, कॅन्टीनचं टेबल. जिथं गर्दी आहे तिथं जायचं हा विचार वरवर बरोबर वाटतो, पण माणूस कोणाच्या नजरेखाली उभा आहे हे आधी बघायला हवं होतं.

तिसरं, मुलं. आम्ही सतत 'घरात किती लोक' विचारत राहिलो. लोक म्हटल्यावर माणसं कमावत्यांची, भाडं देणाऱ्यांची नावं घेतात. बहिणीचं बाळ, आजीकडं ठेवलेला नातू, दोन घरांत आलटून पालटून झोपणारी मुलं यांची नावं कोणी घेत नाही. उन्हाळ्यात मी प्रश्न बदलला, काल रात्री इथं कोणकोण झोपलं, सगळ्यात लहानापासून सांगा. एकदम दोन-दोन, तीन-तीन नावं वाढायला लागली. हे जानेवारीत सुचलं असतं तर.

चौथं सगळ्यात आधीचं आहे. जनगणनेच्या दोन-अडीच वर्षं आधी खातं गावांना आपल्या हद्दीतले पत्ते तपासायला बोलावतं, राहिलेले पत्ते घाला म्हणून. २०१७-१८ मध्ये ते झालं. तेव्हा 'तळघर', 'मागची खोली' असे वेगळे पत्ते घातले असते, नावं नाही, नुसते पत्ते, तर प्रत्येकाला वेगळं पत्र आणि वेगळा कोड आला असता. आणि ते पत्ते खात्याकडं गेले की घरांचे नियम तपासायला वापरता येत नाहीत. आमच्या गावानं ते काम वरवर उरकलं, कारण ती तळघरं आहेत हे कागदावर मान्य करायचं कोणालाच नव्हतं. खानेसुमारीतच खाने कमी पडले.

पुढं फॉर्म बदलणार आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ठरवलं की वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे दोन प्रश्न एकत्र करायचे, म्हणजे पायरीवर पेन धरून थांबलेल्या माणसाला एकदाच उत्तर द्यावं लागेल. ते छानच होईल. पत्त्यांचं काम मात्र परत गावांवरच येणार.

यादीबद्दल माझं आणि माएस्त्राचं अजून जमलेलं नाही. मी न देण्याच्या बाजूनं मत दिलं होतं, ती द्यायच्या बाजूनं होती. मला वाटतं लोकांनी आपल्याला सांगितलेलं आपण त्यांना न विचारता पुढं द्यायचं नसतं. ती म्हणते, तू त्यांची भीती जपलीस, ठीक, पण त्या तळघरातली चार मुलं आज माझ्या वर्गात आहेत आणि वर्गात मदतनीस मी एकटीच आहे. आम्ही आता दुसऱ्या गावाला राहतो, महिन्यातून एकदा तिचा फोन येतो. पुढच्या जनगणनेच्या कमिटीत ती पहिल्या दिवसापासून असणार आहे आणि पत्त्यांचं काम आलं की गावाच्या ऑफिसात जाऊन बसणार आहे, आणि यादीचा प्रश्न ऑगस्टमध्ये नाही, पहिल्याच मीटिंगला, त्या तळघरातल्या आयांना समोर बसवून विचारायचा असं तिनं आत्ताच ठरवून टाकलंय.